घारीची पाठ

मुलुंड पूर्व
१२ जानेवारी २०२५

नंदूदादा,

पाकीट बघून तुला आधी वाटेल, कोणीतरी गेलं. कोणी गेलेलं नाही. गेलाय तो माझा आवाज.

तीन महिने घसा बसत होता. मी खडीसाखर, ज्येष्ठमध, गुळण्या असं करत शिकवत राहिले. क्लासमध्ये दिवसाला पाच बॅचेस, एकेका बॅचला साठ मुलं, आणि माईक लावून शिकवणं मला कधी जमलं नाही. मागच्या बुधवारी त्रिकोणमिती शिकवताना मधेच तोंड हललं आणि आवाज बाहेर आलाच नाही. मुलं आधी हसली, मग गप्प झाली. डॉक्टर म्हणाले, स्वरयंत्रावर दोन गाठी आहेत, घाबरण्यासारख्या नाहीत, पण सहा आठवडे एक शब्द बोलायचा नाही. कुजबुजायचंसुद्धा नाही, ते तर जास्त वाईट. एवढं करून गाठी बसल्या तर ठीक, नाहीतर ऑपरेशन. ऑपरेशननंतर आवाज पूर्वीसारखा येईल का, असं मी कागदावर लिहून विचारलं तर ते नुसते हसले.

दहावीची परीक्षा महिन्यावर आलीय. माझ्या बॅचेस सुयोग घेतोय, माझाच जुना विद्यार्थी. चांगलं शिकवतो म्हणे. खरं सांगू का, तेच सहन होत नाही.

राजेश सकाळी आठला ऑफिसला जातो. मग घरात मी आणि भिंती. मेसेज करून करून अंगठे दुखायला लागले, आणि सगळे एकच विचारतात, आता कसं वाटतंय. तेव्हा तुझी आठवण झाली. मला फोनवर बोलता येत नाही, तुला फोनवर ऐकू येत नाही. तुझ्या त्या बटणांच्या डबड्यावर मेसेजही उघडत नाही. आपल्या दोघांना पोस्टाशिवाय गत नाही बघ.

सतराव्या मजल्यावरच्या तुझ्या नव्या घराच्या वास्तुशांतीला आले होते, त्यानंतर आपण भेटलोच नाही. दोन वर्षं झाली. मुलुंड ते भांडुप, मधे एकटं नाहूर स्टेशन. सख्ख्या मामेभावाकडे जायला याहून जवळ काय असणार?

सांग, सहा आठवडे माणसाने करायचं काय?

अनू

●

भांडुप पूर्व
१७ जानेवारी

चि. अनूला नंदूदादाचा आशीर्वाद.

शीतल सूनबाईने पत्र हातात दिलं तेव्हा छातीत धस्स झालं खरं. मग अक्षर बघितलं. गणिताच्या बाईचं अक्षर इतकं वाईट कसं काय गो?

आवाजाचं वाचून वाईट वाटलं. एकतीस वर्षं कारखान्यात प्रेस मशीनसमोर उभं राहून माझे कान गेले तेव्हा मीपण असाच तडफडलो होतो. मग कळलं, एक अवयव सुट्टीवर गेला की बाकीच्यांना कामाला लावायचं. तुझे कान शाबूत आहेत, डोळे आहेत. देवाक काळजी.

करायचं काय विचारतेस, तर बाहेर जा. फेऱ्या मारायला नाही. बूट घालून, हात जोरजोरात हलवत बागेला प्रदक्षिणा घालणाऱ्या बायका असतात, तसली एक तू होऊ नकोस. एक झाड निवड. त्याच्या बुंध्याशी अर्धा तास बस. काय दिसलं ते मला लिही. बास.

दिवाळीच्या सुट्टीत तू आमच्या चाळीत राहायला यायचीस, ते आठवतं? तू आठ वर्षांची, मी सतराचा. मागच्या डोंगरावर आपण एका चतुराच्या मागे दोन तास फिरलो होतो. चतुर काही मिळाला नाही. घरी येऊन तू माझ्या आईला सांगितलंस, "मामी, आज खूप काम झालं." आई किती दिवस ते सगळ्यांना सांगत होती.

मी रोज सकाळी खाडीवर जातो, पंपिंग स्टेशनच्या पुढे. आज एक घार बघितली. तिची पाठ नुसती तपकिरी नसते, खांद्यावर फिकट पट्टा असतो. ती वळली की ऊन त्या पट्ट्यावरून घरंगळत जातं. मी बघतच राहिलो, चहा गार झाला.

केतन, शीतल मजेत. दोघं आठला निघतात ते रात्रीच येतात. पत्रं शीतलच पेटीत टाकते.

नंदूदादा

●

मुलुंड
२२ जानेवारी

नंदूदादा,

तुझा अभ्यास केला. पहिल्या दिवशी नापास.

कॉलनीच्या मागच्या बागेत आंब्याचं झाड आहे, त्याच्याखाली बसले. बसल्या बसल्या झाडाच्या फांद्या मोजल्या. मग समोरच्या बिल्डिंगच्या खिडक्या. मग घड्याळ बघितलं, सात मिनिटं झाली होती. उठून घरी आले आणि कपाट आवरलं.

दुसऱ्या दिवशी घड्याळ घरी ठेवलं. बसले तर वॉचमन आला, म्हणाला, मॅडम काही हरवलंय का. मी कार्ड दाखवलं. राजेशने मला छापून दिलंय: "मला बोलता येत नाही. घशाचा त्रास आहे." दादा, गंमत सांगू? बोलता येत नाही म्हटलं की लोक मोठ्याने बोलतात. वॉचमन माझ्या कानाशी येऊन ओरडला, "बसा, बसा, आरामात बसा." अख्ख्या बागेने माझ्याकडे बघितलं.

तिसऱ्या दिवशी मुंग्या दिसल्या. लालसर, लांब पायांच्या, आपल्या गावाकडे ज्यांना ओंबील म्हणतात त्या. दोन पानं एकमेकांपासून चार बोटं लांब होती. एका मुंगीने ह्या पानाची कड धरली आणि दुसरीने तिची कंबर धरली, तिसरीने दुसरीची. अशी साखळी करत त्या पलीकडच्या पानाला पोचल्या आणि ओढायला लागल्या. पान सुटायचं, साखळी लोंबायची, पुन्हा पहिल्यापासून. मी श्वास रोखून बसले होते. शेवटी दोन्ही कडा जुळल्या तेव्हा मी टाळी वाजवली. एकटी, बागेत, त्रेपन्न वर्षांची बाई.

घरी आले तर दीड वाजला होता. भात टाकायचाच राहिला. तेव्हा मामीला सांगितलं होतं त्या भाषेत सांगायचं तर, माझं "काम" वाढलंय.

पुढचा अभ्यास दे.

अनू

●

भांडुप
२७ जानेवारी

चि. अनू,

तुझं पत्र तीनदा वाचलं. माका इतका हसूक इला की शीतल बघायला आली. टाळी वाजवलीस ना, मग पास. वरच्या वर्गात घातलं तुला.

आता पुढचा धडा. चपला काढून गवतावर आडवी हो. उताणी. आभाळाकडे बघ. लोक काय म्हणतील ते मनात आणू नको, तुला त्यांना उत्तर तरी कुठे देता येतंय.

परवा खाडीवर फ्लेमिंगोंची रांग गेली. मोजले नाहीत, तू मोजले असतेस. पंख मिटून पाण्यात उभे असतात तेव्हा नुसते पांढरट दिसतात. उडाले की पाठीवरून, पंखांच्या वरच्या बाजूने लालगुलाबी रंग असा उलगडतो, कोणीतरी चोळखण झटकावा तसा. आणि कावळा घारीला कसा छळतो माहितेय? तिच्या वर जातो आणि पाठीवर टप्पल मारतो. ती बिचारी मान फिरवून बघते, हा कोण आता. पुन्हा टप्पल. दहा मिनिटं चाललं होतं. घारीला राग येत नाही, नुसती वैतागते, आमच्या कारखान्यातल्या जुन्या फोरमनसारखी.

थंडी बरी आहे. गळ्याला मफलर बांध.

नंदूदादा

●

मुलुंड
३ फेब्रुवारी

नंदूदादा,

आडवी झाले.

रविवार होता, राजेशला घेऊन गेले. तो बाकावर बसला, पेपर उघडून, मी कोणी अनोळखी बाई असल्यासारखा. मी गवतावर पाठ टेकली. आधी मानेखाली खडा टोचला. मग गवताचा गारवा ब्लाऊजमधून आत आला. आभाळ इतकं मोठं असतं हे मी विसरलेच होते रे. आमच्या बाल्कनीतून साडीच्या पदराएवढं दिसतं.

पंधरा मिनिटांनी पेपर घडी केल्याचा आवाज आला. राजेश शेजारी आडवा झाला. सत्तावन्न वर्षांचा, विमा कंपनीतला सीनियर मॅनेजर, पोटावर चष्मा ठेवून. म्हणाला, "तो ढग बघ, आमच्या झोनल मॅनेजरसारखा आहे." मला हसायलाही बंदी आहे, आवाज होतो म्हणून. आतल्या आत हसून पोट दुखलं. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली, आम्ही दोघं असे कधी जमिनीवर पडलो नव्हतो.

आता एक ठरवलंय. येत्या रविवारी, नऊ तारखेला, मी तुझ्याबरोबर खाडीवर येणार. साडेसहाला पंपिंग स्टेशनच्या फाटकाशी उभी राहीन. तुझी घार, तुझे फ्लेमिंगो, सगळं दाखव.

अनू

●

भांडुप
६ फेब्रुवारी

चि. अनू,

ह्या रविवारी नको. शीतलच्या माहेरची माणसं यायची आहेत. त्याच्या पुढच्या रविवारीपण कळवतो. गुडघे जरा कुरकुरतायत. आणि सकाळची खाडीवर चिलटं फार असतात, तुझ्या घशात जायची. तू आपली बागच बघ. मुंग्यांचं पुढे काय झालं ते लिही.

नंदूदादा

●

मुलुंड
११ फेब्रुवारी

नंदूदादा,

तुझं पत्र सोमवारी मिळालं. म्हणजे रविवारी मी साडेसहाला फाटकाशी होतेच.

पाऊण तास वाट बघितली. मग तिथल्या चहावाल्याला कागदावर लिहून विचारलं, "नंदू परब आज आले नाहीत का? रोज येतात ते." त्याने दोनदा वाचलं. मग माझ्या कानाशी मोठ्याने म्हणाला, "परबकाका? पूर्वी यायचे. सव्वा वर्ष झालं, दिसले नाहीत. मला वाटलं गेले."

चहा हातात घेऊन मी बांधावर जाऊन बसले. मला काहीच कळेना. तू कशाला खोटं सांगशील, आणि खोटं असेल तर कावळ्याची टप्पल इतकी खरी कशी? ते काही कोणाला घरबसल्या सुचत नाही. तेवढ्यात घार आली. मी डोळे फाडून तिच्या खांद्यावरचा पट्टा शोधत होते. ती गेली, दुसरी आली, तिसरी आली. मला तिन्हींची फक्त पोटं दिसली.

मग तुझी सगळी पत्रं आठवली. त्यात पाठी आहेत, दादा. घारीची पाठ, फ्लेमिंगोची पाठ, पाठीवरचं ऊन. जमिनीवर उभ्या असलेल्या माणसाला घारीची पाठ कशी दिसेल? ती दिसायला तिच्या वर असावं लागतं. तुझ्या सतराव्या मजल्यावर.

तू खिडकीत बसून बघतोयस. खाडीवर जात नाहीस. मला तर वाटतं, खालीसुद्धा उतरत नाहीस.

शीतलला विचारू शकले असते. विचारलं नाही. तूच सांग.

अनू

●

मुलुंड
२० फेब्रुवारी

दादा,

रागावलास? नऊ दिवस झाले. रोज पेटी बघते.

काल डॉक्टरकडे गेले. एक गाठ पूर्ण बसली. दुसरी अर्धी. आणखी तीन आठवडे तोंड बंद. मी तिथेच रडले, आनंदाने की कंटाळून ते मलाच कळलं नाही.

माझं चुकलं असेल तर तसं लिही. पण काहीतरी लिही.

अनू

●

भांडुप
२२ फेब्रुवारी

चि. अनू,

रागावलो नव्हतो. पत्र खिशात घालून फिरत होतो, ह्या खोलीतून त्या खोलीत. तेवढंच माझं फिरणं.

आता सांगतो. ह्यातलं निम्मं केतनलापण माहीत नाही.

दोन हजार तेवीसचा नोव्हेंबर. सकाळी खाडीवरून परत येत होतो. डोक्यात त्या दिवशीचे पक्षी. रस्ता ओलांडला. मागून मोटारसायकल येत होती, माझ्याच वयाचा माणूस, मागे त्याची बायको. त्याने चार वेळा हॉर्न दिला म्हणे. मला वाचवायला त्याने गाडी आडवी घातली. मला खरचटलंसुद्धा नाही. त्या बाईचा हात मोडला. ती रस्त्यावर बसून रडत होती आणि मला तिचं फक्त तोंड दिसत होतं, आवाज नाही. लोक जमले. एकजण माझी कॉलर धरून विचारत होता. काय ते ओठांवरून कळलं: बहिरा आहेस का?

मी हो म्हणालो. तर त्याला वाटलं मी उलट बोलतोय.

घरी सांगितलं, गुडघे दुखतात. गुडघे चांगले आहेत माझे. लिफ्टने खाली जातो, फाटकापर्यंत पोचतो, आणि रस्ता दिसला की पाय उचलत नाहीत. मागून काय येतंय ते मला कधीच कळणार नाही, हेच डोक्यात. पुढे पुढे लिफ्टपर्यंतही जायचं सोडलं. कानाचं यंत्र केतनने आणलंय. ते लावलं की सगळं जग पत्र्याच्या डब्यात घालून हलवल्यासारखं वाटतं, म्हणून खणात पडून आहे.

तुझं पहिलं पत्र आलं, तू विचारलंस काय करू. खरं लिहिलं असतं तर तू माझं का ऐकलं असतंस? घरात बसलेला माणूस दुसऱ्याला बाहेर जा सांगतो. म्हणून खाडीवर जातो लिहिलं. पक्षी मात्र खरे आहेत अनू. त्यातला एकही बनवलेला नाही.

पोटं कशी दिसतात ते आता आठवत नाही गो.

नंदू

●

मुलुंड
२५ फेब्रुवारी

दादा,

नीट वाच, एकदाच लिहिणार आहे.

मला ऐकू येतं, बोलता येत नाही. तुला बोलता येतं, ऐकू येत नाही. दोघं मिळून एक धड माणूस होतो. आणखी काय पाहिजे?

रविवारी, दोन मार्चला, सहा वाजता मी तुझ्या दाराशी. बेल शीतल ऐकेल, मी तिला मेसेज केलाय. तिला फक्त एवढंच सांगितलंय की मी येतेय. बाकी तू सांगशील तेव्हा सांग.

मी तुझा कोपर धरणार. एकदा दाबला की थांबायचं. दोनदा दाबला की चालायचं. रस्ता मी ऐकणार, तू नाही. तुझं काम पक्षी बघायचं आणि कोणी काही विचारलं तर उत्तर द्यायचं.

त्या बाईचा हात तुझ्यामुळे मोडला, ते मी खोडून काढत नाही. ती बरी झाली असेल, आणि नसेलही. पण सव्वा वर्ष तू घरात बसलास म्हणून तिचा हात लवकर जुळला असेल, हे गणित मला सुटत नाही, आणि मी तीस वर्षं गणितं सोडवतेय.

फाटकाशी पाय उचलले नाहीत तर आपण फाटकाशीच बसू. तिथेही एखादं झाड असेल.

अनू

●

भांडुप
५ मार्च

चि. अनू,

तू होतीस बरोबर, तरी लिहितोय. त्या दिवशी तुला काही विचारता आलं नाही, आणि मी जे बोललो ते निम्मं घाबरून बोललो.

फाटकाशी मी थांबलो तेव्हा तुला वाटलं असेल, आता हा परत फिरणार. मलाही तसंच वाटत होतं. तू कोपर दाबला नाहीस. नुसती उभी राहिलीस. किती वेळ? मला तर तास वाटला. मग तू खाली वाकून फुटपाथवरच्या फटीतलं गवत बघायला लागलीस, त्याला जांभळं टिकलीएवढं फूल आलं होतं. मी म्हटलं, काय आहे बघू. आणि ते बघायला एक पाऊल बाहेर टाकलं, तर मी रस्त्यावर होतो. लबाड आहेस तू. शिकवायची सवय जात नाही.

पहिल्या चौकात तू कोपर दाबलास तेव्हा माझो जीव वर-खाली झाला. मागून टेम्पो गेला, वारा लागला अंगाला. आपण जिवंत. दोनदा दाबलास. चाललो. तिसऱ्या चौकापर्यंत मी मोजत होतो, मग विसरलो.

चहावाल्याचं तोंड बघितलंस का? तो मला बघून दोन पावलं मागे सरकला. मी म्हटलं, अरे भूत चहा पीत नाही, दोन कटिंग दे. तर त्याने तुला विचारलं, ओठांवरून कळलं मला, "ह्यांना ऐकू येत नाही ना?" आणि तू कार्ड दाखवलंस. बिचारा आपल्या दोघांकडे बघत राहिला. शेवटी त्याने काही न बोलता बिस्किटंपण दिली.

आणि निवट्या. चिखलातले ते मासे, डोक्यावर डोळे, पाण्याबाहेर उड्या मारणारे. मी चाळीत असताना हाताने पकडायचो. परवा एक निवटी दुसरीसमोर पाठीवरचं पर उभारून भांडायला आली, आणि दोघी घसरून एकाच खड्ड्यात पडल्या. तू माझा कोपर इतका जोरात दाबलास की मला वाटलं वाघ आला. तेवढ्यात मीच मागे सरकलो आणि बसलो तो थेट चिखलात. तू मला उठवायला आलीस आणि तूपण बसलीस. मग आपण उठलोच नाही. अर्धा तास. समोरून शेंदरी नांगीचे खेकडे बाहेर आले, ती एकच मोठी नांगी वर-खाली करत, हजेरी देणाऱ्या वर्गासारखे. तू बोट नाचवत मोजत होतीस, मी बघितलं. मोजलेस ते मोजलेस, सांगितलं नाहीस.

फ्लेमिंगो डोक्यावरून गेले. पोटं पांढरी असतात. पंखांच्या कडा काळ्या. विसरलो होतो.

घरी शीतलने दार उघडलं, आपल्या दोघांच्या कपड्यांकडे बघितलं, आणि केतनला हाक मारली. मग मी त्या दोघांना बसवून सगळं सांगितलं, मोटारसायकलचं, बाईचं, गुडघ्यांचं. केतन उठला, खणातून यंत्र काढलं, त्याचे सेल बदलले आणि माझ्यासमोर ठेवलं. बोलला काही नाही. आपल्या घरात सगळे तुझ्यासारखे झालेत.

त्याच्या दुसऱ्या दिवशी त्याने मला फाटकापर्यंत सोडलं आणि तो ऑफिसला गेला. मी एकटा कोपऱ्यापर्यंत जाऊन आलो. उद्या त्याच्या पुढचा कोपरा.

नंदूदादा

●

मुलुंड
१२ मार्च

नंदूदादा,

एकशे चौदा खेकडे होते.

काल डॉक्टरांनी नळी घालून बघितलं आणि म्हणाले, बोला. नऊ आठवड्यांनी. मी तोंड उघडलं आणि काय बोलावं तेच सुचेना. ते म्हणाले, तुमचं नाव सांगा. मी म्हटलं, अनुपमा राणे. आवाज माझाच होता, थोडा खरखरीत, नुकत्याच उठलेल्या माणसासारखा. राजेश बाहेर बसला होता, त्याने दाराआडून ऐकलं. आत आला तेव्हा त्याचा चष्मा हातात होता.

सोमवारपासून क्लासला जातेय. पण पाच बॅचेस नाहीत, दोनच, सकाळी दहा ते दुपारी एक. आणि माईक लावून. बाकीच्या सुयोगकडे राहतील. त्याला सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "मॅडम, मला वाटलं होतं तुम्ही सगळं परत घ्याल." मलाही तसंच वाटलं होतं रे. पण संध्याकाळी बागेत त्या मुंग्यांचं तिसरं घर चाललंय, ते कोण बघणार?

तुझं यंत्र कसं आहे? कुठपर्यंत पोचलास?

अनू

●

तुझ्या बिल्डिंगच्या खाली
२२ मार्च, शनिवार, दुपारी सव्वा वाजता

अनू,

हे पत्र पेटीत टाकलेलं नाही. तुमच्या वॉचमनच्या हातात दिलंय. तो माझ्या कानाशी येऊन इतक्या मोठ्याने बोलला की यंत्र शिट्टी मारायला लागलं. तू क्लासवरून नुकतीच वर गेलीस म्हणाला.

भांडुपहून निघालो नऊला. एकटा. केतनला सांगून. नाहूरपर्यंत चालत, तिथे एका ओट्यावर बसून केळं खाल्लं, मग पुन्हा चालत. वाटेत चार मोठे रस्ते ओलांडले. दोनदा माघारी फिरावंसं वाटलं, एकदा फिरलोसुद्धा, मग एका बाईने तिच्या म्हाताऱ्या सासूला धरून रस्ता ओलांडला, त्यांच्या मागोमाग मीही. यंत्रातून हॉर्न येतो, चांगला खणखणीत येतो. तेवढं त्याचं काम, तेवढं ते करतं. एका तासाच्या वाटेला मला चार तास लागले. गुलमोहराच्या वाळक्या शेंगा बघितल्या, वाळवीचं घर बघितलं, एक मांजर भिंतीवरून पालीवर कसं डोळा ठेवून होतं ते शेवटपर्यंत बघितलं. पाल जिंकली.

वर येणारच होतो. पण तुमच्या पार्किंगच्या कोपऱ्यात शेवगा आहे ना, त्याच्या सुक्या फांदीवर तांबट आहे. हिरवा, मुठीएवढा, कपाळावर लाल टिळा. फांदीला भोक पाडतोय. आत डोकं घालतो, भुसा बाहेर टाकतो, मग भोकाशी बसून दम खातो. दम खाताना त्याचा गळा फुगतो, बसतो, फुगतो, बसतो, आणि डोकं दर वेळी ह्या बाजूचं त्या बाजूला. म्हणजे तो बोलतोय. बराच वेळ बोलतोय. माझ्या यंत्रातून ह्यातलं काही येत नाही.

मी शेवग्याखाली, स्कूटरच्या शेजारी जमिनीवर बसलोय. मी वर येत नाही, तू खाली ये. जेवण राहू दे. जिन्याने सावकाश ये, धावत आलीस तर उडेल.

माझ्या डाव्या बाजूला बस, तो कान जरा बरा आहे. आणि मला सांग, आवाज कसा येतोय.

नंदूदादा